कर्सर आणि डायनॅमिक क्वेरी: दोन बदनाम हत्यारं नेमकी कुठे चालवायची

डेटाबेसचं काम नव्याने शिकणाऱ्याच्या कानावर पहिल्या महिन्याभरातच दोन उपदेश पडतात. कर्सर, म्हणजे ओळी एकेक करून हाताळायची सोय, वापरू नकोस. डायनॅमिक क्वेरीच्या, म्हणजे ऐनवेळी लिहिलेल्या हुकुमाच्या, वाटेला जाऊ नकोस. शिकणारा मान डोलावतो. मग कधीतरी टीममधल्या सगळ्यात मुरलेल्या माणसाची देखभालीची स्क्रिप्ट त्याच्या हाती लागते. उघडून बघतो तर वर कर्सर, आत डायनॅमिक क्वेरी, आणि ती स्क्रिप्ट कित्येक वर्षं दर रविवारी पहाटे बिनबोभाट चालतेय.

मग खरं कोण, उपदेश की स्क्रिप्ट?

दोन्ही. फक्त उपदेश अर्धाच सांगितला जातो. कर्सर ज्या ओळींवरून फिरतो त्या ओळींत काय आहे, हे आधी बघायचं. तिथे माणसं, व्यवहार, नोंदी असतील तर बहुतेक वेळा आपण वाट चुकलेलो असतो. तिथे टेबलांची, इंडेक्सची किंवा डेटाबेसची नावं असतील तर हीच दोन हत्यारं कामाची. हे असं का, ते पायापासून बघू. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडणार नाही.

डेटाबेसला 'कसं' सांगायचं नसतं

टेबल म्हणजे आखलेली वही: उभे रकाने, आडव्या ओळी. वाचनालयाचं 'सदस्य' नावाचं टेबल घ्या. एका ओळीत एक सदस्य. रकान्यांत नाव, आडनाव, शेवटच्या भेटीची तारीख, सदस्यत्व चालू की बंद. या वहीला विचारलेला प्रश्न किंवा दिलेला हुकूम म्हणजे क्वेरी. ती ज्या भाषेत लिहितात ती एसक्यूएल.

या भाषेचा स्वभाव इतर प्रोग्रामिंग भाषांपेक्षा वेगळा आहे. इथे आपण काय हवं तेवढंच सांगतो, ते कसं करायचं ते सांगत नाही. 'दोन वर्षांत न आलेल्या सगळ्यांचं सदस्यत्व बंद कर' हे एक वाक्य झालं. पहिल्या ओळीपासून सुरुवात करायची की इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी, ओळ पटकन सापडावी म्हणून ठेवलेली क्रमवार यादी) वापरायचा, काम चार प्रोसेसरांत वाटायचं का, हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. क्वेरी पार पाडण्याचा रस्ता आखणारा भाग म्हणजे प्लॅनर, आणि त्याने आखलेला रस्ता म्हणजे प्लॅन. हे दोन शब्द पुढे लागतील.

या विचाराचं मूळ एडगर कॉड यांच्या 1970 सालच्या निबंधात आहे. कॉड तेव्हा आयबीएममध्ये होते. माहितीकडे ओळींची रांग म्हणून न बघता ओळींचा संच म्हणून बघा, असा त्यांचा आग्रह होता. संचाला पहिला-शेवटचा नसतो. पुढे 1974 मध्ये आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी आज आपण वापरतो त्या भाषेचा पहिला आराखडा मांडला.

कर्सर म्हणजे ओळीवर ठेवलेलं बोट

अडचण लगेच आली. डेटाबेस संचात बोलतो, पण त्याला हाक मारणारे प्रोग्रॅम कोबोल, पीएल/वन अशा भाषांत लिहिलेले होते, आणि त्यांना एका वेळी एकच नोंद हातात घेता येत होती. हजार ओळींचं उत्तर एकदम समोर आलं तर ते ठेवायचं कुठे? त्यावर काढलेली तोड म्हणजे कर्सर. लांबलचक यादी वाचताना आपण चालू ओळीवर बोट ठेवतो. एक ओळ वाचली, काम केलं, बोट खाली सरकवलं. कर्सर म्हणजे ते बोट.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये त्याचा जन्म-मृत्यू पाच पावलांत होतो. 'डिक्लेअर'ने कोणत्या क्वेरीच्या उत्तरावर बोट फिरवायचं ते ठरतं. 'ओपन'ने यादी उघडते. 'फेच नेक्स्ट'ने बोट एक ओळ पुढे सरकतं आणि त्या ओळीतल्या किमती, म्हणजे रकान्यांत भरलेली माहिती, आपल्या व्हेरिएबलमध्ये (नाव दिलेल्या डब्यांत) येतात. काम संपलं की 'क्लोज', आणि जागा मोकळी करायला 'डीअ‍ॅलोकेट'. मधल्या लूपला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या भागाला, दर फेरीत 'फेच स्टेटस' तपासावा लागतो. तो शून्य असेल तर ओळ मिळाली, उणे एक असेल तर यादी संपली.

शब्दाबद्दल एक सावधगिरी. पायथनमध्ये डेटाबेसशी बोलताना 'कर्सर' नावाची वस्तू तयार करावी लागते. ते नाव पायथनच्या ठरावीक संकेतातून आलंय. त्यामागे सर्व्हरवर खरा कर्सर असतोच असं नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसशी पायथनला जोडणाऱ्या सायकोपीजी या नेहमीच्या ड्रायव्हरमध्ये साधा कर्सर सगळं उत्तर एकदम आपल्या मशीनच्या मेमरीत ओततो. त्याला नाव दिलं तरच तो सर्व्हरवरचा खरा कर्सर होतो. एक कोटी ओळींची क्वेरी चालवून मशीन गुदमरलं की लोक सर्व्हरला दोष देतात, तेव्हा मी आधी हेच विचारतो: कर्सरला नाव दिलं होतंत का?

मग त्याला नावं का ठेवतात?

पाच लाख सदस्यांपैकी दोन वर्षांत न आलेल्यांचं सदस्यत्व बंद करायचंय. संचाच्या पद्धतीने हा एकच अपडेट हुकूम आहे. कर्सरच्या पद्धतीने पाच लाख वेळा ओळ उचला, तारीख तपासा, हवं तर त्या एका ओळीसाठी वेगळा अपडेट चालवा. पाच लाख पत्रं पोस्टात टाकायची असताना एकेक पत्र घेऊन हेलपाटे घालावेत तसं. प्रत्येक पत्राचं काम क्षणाचंच असतं, वेळ जातो तो येण्याजाण्यात.

हा वेळ नुसता आपला जात नाही. काम जितकं रेंगाळतं तितके लॉक लांबतात. कुणीतरी ओळ बदलतंय म्हणून इतरांनी थांबायचं, तो अडसर म्हणजे लॉक. सगळा लूप एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं झालं तर पक्कं, नाहीतर सगळंच रद्द, अशा गाठोड्यात) गुंडाळला असेल तर आधी बदललेल्या ओळी शेवटपर्यंत अडकून राहतात आणि बाकीच्यांचे पडदे गोठतात. शिवाय प्लॅनरच्या हातात एका ओळीचं काम दिल्यावर त्याच्या हुशारीला वावच उरत नाही.

सगळे डेटाबेस याबाबत सारखे नाहीत, हेही खरं. ओरॅकलमध्ये प्रत्येक एसक्यूएल वाक्य आतून कर्सरमधूनच चालतं, त्यामुळे तिथल्या माणसाला 'कर्सर वाईट' हे वाक्यच विचित्र वाटतं. 10जी आवृत्तीपासून तिथला साधा 'फॉर' लूप, नेहमीच्या सेटिंगवर, आतल्या आत एका दमात 100 ओळी उचलून आणतो. त्याहून मोठ्या कामाला 'बल्क कलेक्ट' आणि 'फॉरऑल' आहेत, म्हणजे पत्रांची गोणीच. पण तिथेही लूपच्या आत एकेक अपडेट लिहिला की हेलपाटे आलेच. आणि उघडलेले कर्सर मिटायला विसरलात तर 'मॅक्झिमम ओपन कर्सर्स एक्सीडेड' ही ओरॅकलवाल्यांच्या रोजच्या ओळखीची चूक दारात उभी राहते. एका सेशनला, म्हणजे डेटाबेसशी केलेल्या एका जोडणीला, एका वेळी किती कर्सर उघडता येतील याची मर्यादा असते, आणि ती कुणी वाढवलेली नसेल तर 50 आहे.

बोट फिरत असताना ओळी हलल्या तर?

कर्सरचे प्रकार कोरडे वाटतात, पण प्रश्न एकच आहे: आपण यादी वाचत असताना कुणी ती बदलली तर आपल्याला काय दिसावं? स्टॅटिक कर्सर सुरुवातीलाच यादीची प्रत काढतो आणि तीच वाचतो. कीसेट कर्सर कोणकोणत्या ओळी वाचायच्या त्यांच्या खुणा टिपून ठेवतो, ओळीतला मजकूर मात्र ताजा आणतो. डायनॅमिक कर्सर काहीच टिपत नाही, बोट पुढे सरकेल तेव्हा तिथे जे असेल ते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिक्लेअर करताना काहीच सांगितलं नाही तर हा तिसरा प्रकार पदरी पडतो.

त्यातून काय घोळ होतो याचा सगळ्यात सुंदर किस्सा 1976 सालचा आहे. आयबीएमच्या सॅन होजे प्रयोगशाळेत सिस्टिम आर नावाच्या प्रायोगिक डेटाबेसवर चेंबरलिन, पॅट सेलिंजर आणि मॉर्टन अ‍ॅस्ट्राहान काम करत होते. त्यांनी एक साधा हुकूम दिला: ज्यांचा पगार 25,000 डॉलरपेक्षा कमी आहे, त्यांना 10 टक्के वाढ द्या. हुकूम चालला, चूक आली नाही. पण नंतर बघतात तर 25,000 च्या खाली पगार असलेला एकही माणूस उरला नव्हता.

झालं असं, की डेटाबेस पगाराच्या इंडेक्सवरून खालून वर सरकत होता. 15,000 वाल्याला वाढ मिळाली, तो 16,500 वर गेला. म्हणजे रांगेत बोटाच्या पुढे जाऊन उभा राहिला. बोट तिथे पोचल्यावर तो पुन्हा सापडला, पुन्हा वाढ. 25,000 ओलांडेपर्यंत हेच. हॅलोविनच्या दिवसांत हे लक्षात आलं म्हणून त्याचं नाव हॅलोविन प्रॉब्लेम पडलं. भुताखेतांशी त्याचा तेवढाच संबंध.

आजचे डेटाबेस एका हुकुमाच्या आत ही काळजी स्वतः घेतात. पण तुम्ही डायनॅमिक कर्सर उघडून, ज्या रकान्याच्या क्रमाने ओळी येतायत तोच रकाना लूपमध्ये बदलायला लागलात, तर 1976 सालची ती दुपार तुमच्याही वाट्याला येऊ शकते. म्हणून एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसतं वाचत पुढे जायचं असेल तर 'लोकल' आणि 'फास्ट फॉरवर्ड' हे शब्द लिहावेत, आणि लूपमध्ये तेच टेबल बदलायचं असेल तर 'लोकल' आणि 'स्टॅटिक'. 'लोकल' न लिहिण्याची शिक्षा वेगळीच असते. डेटाबेसची मूळ सेटिंग तशीच असेल तर कर्सर ग्लोबल होतो, स्क्रिप्ट अर्ध्यात कोसळली तरी कनेक्शन चालू असेपर्यंत मागे राहतो, आणि पुन्हा चालवायला गेलात की 'या नावाचा कर्सर आधीच आहे' असं ऐकवतो.

'पण माझं काम ओळीओळीनेच होतं!'

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकलाय, आणि पूर्वी तो बऱ्याच अंशी खराही होता. खात्यातली चालू शिल्लक काढायची तर मागच्या ओळीची शिल्लक हातात हवी. मग कर्सर सोडून करणार काय? आता विंडो फंक्शन्स आहेत. प्रत्येक ओळीला तिच्या आधीच्या-नंतरच्या ओळी बघू देणारी ही सोय. चालू बेरीज, मागच्या ओळीशी तुलना, गटातला क्रमांक, सगळं एका क्वेरीत होतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये चालू बेरजेची सोय 2012 च्या आवृत्तीत आली, मायएसक्यूएलमध्ये 8.0 मध्ये. जुन्या स्क्रिप्टमध्ये यासाठी लिहिलेला कर्सर दिसला तर लिहिणाऱ्याला हसू नका, त्याच्या हातात दुसरं काही नव्हतं.

'एका दमात दोन कोटी ओळी उडवल्या तर लॉग, म्हणजे बदलांची नोंद ठेवणारी फाइल, फुगेल, म्हणून लूप हवा', हेही ऐकू येतं. लूप हवाच. पण तो एकेका ओळीचा कशाला? दर फेरीला पाच-दहा हजार ओळींचा घास घ्या, काही उरलं नाही की थांबा. इथे कर्सर लागतच नाही.

उरतात ती खरी ओळीओळीची कामं: प्रत्येक ओळीसाठी बाहेरच्या सेवेला हाक मारायची आहे, किंवा जी प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला छोटा प्रोग्रॅम) एका वेळी एकच सदस्य घेते आणि जी बदलायला आपल्याला परवानगी नाही ती चालवायची आहे. अशा वेळी खुशाल कर्सर लिहा. आणि सगळ्यात मोठा वर्ग म्हणजे देखभाल. पण तिथे जायच्या आधी दुसरं हत्यार बघायला हवं.

डायनॅमिक क्वेरी: ऐनवेळी लिहिलेला हुकूम

साधी क्वेरी म्हणजे छापील अर्ज. मजकूर ठरलेला, मध्ये रिकाम्या जागा. 'ज्याचं आडनाव ____ आहे त्याला शोध.' रिकाम्या जागेत भरायची किंमत म्हणजे पॅरामीटर. डायनॅमिक क्वेरी म्हणजे अर्जाचा मजकूरच ऐनवेळी लिहायचा. प्रोग्रॅम अक्षरं जोडून एक ओळ तयार करतो, म्हणजे स्ट्रिंग, आणि डेटाबेसला म्हणतो, हे वाच आणि चालव. एसक्यूएल सर्व्हरमध्ये त्यासाठी 'एसपी एक्झिक्यूटएसक्यूएल' आहे, ओरॅकलमध्ये 'एक्झिक्यूट इमिजिएट', पोस्टग्रेसच्या प्रोसिजरमध्ये नुसतं 'एक्झिक्यूट', मायएसक्यूएलमध्ये 'प्रिपेअर' आणि मग 'एक्झिक्यूट'.

छापील अर्ज असताना हा उपद्व्याप कशाला? कारण अर्जातली प्रत्येक जागा रिकामी सोडता येत नाही. आडनाव पॅरामीटर होऊ शकतं, टेबलाचं नाव होऊ शकत नाही. प्लॅनरला रस्ता आखायचाय, आणि जायचं कुठे हेच ठाऊक नसेल तर तो काय आखणार? कोणतं टेबल, त्यात कोणते रकाने, इंडेक्स आहे का, हे त्याला आधी कळावं लागतं. तेव्हा टेबलाचं किंवा रकान्याचं नाव ऐनवेळी ठरत असेल तर मजकूरच ऐनवेळी लिहावा लागतो. उपाय नाही.

दुसरं योग्य ठिकाण म्हणजे शोधाचे पडदे, ज्यांवर दहा चौकटी असतात आणि माणूस त्यांतल्या दोनच भरतो. छापील अर्जात हे बसवायला लोक दहा वेळा 'चौकट रिकामी असेल किंवा रकाना जुळत असेल' असं लिहितात. उत्तर बरोबर येतं, पण एकच प्लॅन सगळ्या शक्यतांना पुरवायचा म्हणजे सगळ्यांच्या मापाचा एकच सदरा. कुणालाच धड बसत नाही. भरलेल्या दोन चौकटींपुरताच मजकूर लिहिणारी डायनॅमिक क्वेरी इथे सरळ सरस ठरते. अट एकच: मजकूर बदलू द्या, किमती मात्र पॅरामीटरमधूनच जाऊ द्या.

एका अवतरणचिन्हाची किंमत

ती अट का, ते जवळून बघू. समजा, 'या आडनावाचे सदस्य काढून टाक' असं सांगायला स्क्रिप्ट अक्षरं जोडून हा हुकूम बनवते:

डिलीट फ्रॉम सदस्य व्हेअर आडनाव = 'स्मिथ'

इथवर ठीक. आता आडनाव आलं ओ'ब्रायन:

डिलीट फ्रॉम सदस्य व्हेअर आडनाव = 'ओ'ब्रायन'

डेटाबेसच्या दृष्टीने आडनाव 'ओ' पाशीच संपलं, आणि पुढचं 'ब्रायन' म्हणजे काय ते त्याला कळत नाही. तो चूक दाखवून थांबतो. हा नशिबाचा भाग. आता एखाद्याने मुद्दाम आडनावाच्या चौकटीत आडनावाऐवजी हे लिहिलं: ' ऑर '1'='1. जोडून होणारं वाक्य असं:

डिलीट फ्रॉम सदस्य व्हेअर आडनाव = '' ऑर '1'='1'

आडनाव रिकामं असो वा नसो, एक बरोबर एक हे प्रत्येक ओळीसाठी खरंच असतं. सगळे सदस्य गेले. चूक नाही, इशारा नाही. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात: किंमत म्हणून आलेला मजकूर हुकूम बनून बसतो. जेफ फॉरिस्टल यांनी 1998 साली हे जाहीरपणे लिहिलं. एवढी वर्षं उलटूनही ते थांबलेलं नाही. 2023 च्या मे महिन्यात मूव्हइट ट्रान्सफर या फाइली पाठवायच्या सॉफ्टवेअरमधली अशीच फट क्लॉप नावाच्या टोळीने वापरली आणि जगभरातल्या संस्थांचा डेटा पळवला.

पॅरामीटर वापरला की हे होऊ शकत नाही. वाक्याचा अर्थ लावणं आधी होतं, किंमत त्यानंतर रिकाम्या जागेत येते. तेव्हा किमतीत अवतरणचिन्हं असोत नाहीतर अख्खा हुकूम असो, डेटाबेस त्या नावाचा सदस्य शोधतो, सापडत नाही, संपलं. फायदा आणखी एक: वाक्य तेच राहिल्याने आधी आखलेला प्लॅन पुन्हा वापरता येतो. नाहीतर दर आडनावाला नवं वाक्य, नवा प्लॅन, आणि प्लॅन साठवायची जागा अडगळीने भरते.

'अवतरणचिन्ह दुप्पट करतो, मग झालं की!' किमतींसाठी ही पळवाट मला मान्य नाही. शंभर ठिकाणी दुप्पट कराल आणि एका ठिकाणी विसराल.

टेबलांच्या नावांना मात्र पॅरामीटर चालत नाही, मग काय? तिथे नावाला कुंपण घालायचं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'क्वोटनेम' नाव चौकटी कंसात बंद करतं आणि आत कंस असेल तर तो निकामी करतं. पोस्टग्रेसमध्ये 'फॉरमॅट' फंक्शनला नावाची जागा वेगळ्या खुणेने सांगता येते. पण त्याहून पक्कं म्हणजे नाव बाहेरून घ्यायचंच नाही. बाहेरून आलेला शब्द डेटाबेसच्या स्वतःच्या सूचीत शोधायचा, आणि सापडला तर सूचीतलं नाव वापरायचं. आलेला शब्द फेकून द्यायचा.

दोघं एकत्र: रविवार पहाटेची स्क्रिप्ट

आता सुरुवातीची ती स्क्रिप्ट उघडू. काम असं: डेटाबेसमधल्या प्रत्येक टेबलाचे इंडेक्स नव्याने बांधायचे. टेबलं दोनशे-तीनशे, दर महिन्याला दोन-चार नवी. म्हणून यादी हाताने लिहायची नाही. प्रत्येक डेटाबेस आपल्या टेबलांची सूची टेबलाच्याच रूपात ठेवतो, म्हणजे नावंही क्वेरीने मिळतात.

कर्सर त्या सूचीवर उघडतो. एक ओळ म्हणजे एका टेबलाचं नाव. लूपमध्ये नाव कुंपणात घालून 'अल्टर इंडेक्स ऑल ऑन अमुक रीबिल्ड' असा हुकूम जोडला जातो, नोंदवहीत लिहिला जातो, चालवला जातो, किती वेळ लागला तेही टिपलं जातं. एखादा हुकूम फसला तर चूक पकडून पुढच्या टेबलाकडे. पहाटेचे पाच वाजले की उरलेली टेबलं पुढच्या रविवारी.

इथे कर्सरवरचे वरचे सगळे आक्षेप एकेक करून गळून पडतात. ओळी तीनशेच, तेव्हा बोट फिरवायचा खर्च नगण्य; वेळ जातो तो आतल्या हुकुमात. हे सगळं एका वाक्यात सांगणारी संचाची क्वेरी अस्तित्वातच नाही. नावं बाहेरच्या माणसाने दिलेली नाहीत, सूचीतून आलीत. तरी कुंपण घालायचं, कारण टेबलाच्या नावात मोकळी जागा ठेवणारा कुणीतरी प्रत्येक टीममध्ये असतो.

काही हुशार मंडळी कर्सर टाळायला सगळे हुकूम जोडून एकच महाकाय स्ट्रिंग बनवतात आणि एकदम चालवतात. दिसायला झकास. पण सदतिसावा हुकूम फसला की कुठवर काम झालं ते शोधत बसा. या जागी मी कर्सरच घेईन. पोस्टग्रेसवाल्यांना 9.6 पासून आणखी एक सोय आहे: पीएसक्यूएल या हुकूम टाइप करायच्या साधनात 'जीएक्झेक' दिलं की क्वेरीच्या उत्तरात आलेली प्रत्येक ओळ हुकूम म्हणून चालते. मतलब तोच, लूप तेवढा दुसऱ्याने लिहिलेला.

माझी एक वाया गेलेली रात्र

जवळपास अशाच स्क्रिप्टमध्ये मी एकदा सुधारणा केली. मोठी टेबलं वगळायची होती. लूपच्या सुरुवातीला लिहिलं: टेबल अमुकपेक्षा मोठं असेल तर नोंदवहीत 'वगळलं' लिही आणि 'कंटिन्यू', म्हणजे पुढच्या फेरीला जा. छोट्या डेटाबेसवर चाचणी केली. व्यवस्थित चालली. रात्री निघून गेलो.

'फेच नेक्स्ट' लूपच्या तळाशी होता. 'कंटिन्यू'ने माझी स्क्रिप्ट तळाला न पोचताच वर उडी मारत होती, बोट त्याच ओळीवर. पहिलं मोठं टेबल आलं आणि ती त्यालाच वगळत बसली, रात्रभर, सेकंदाला हजारो वेळा, आणि दर वेळी नोंदवहीत एक ओळ. सकाळी डिस्क भरलेली. चाचणीच्या डेटाबेसात मोठं टेबलच नव्हतं, तर दिसणार कुठून? तेव्हापासून मी 'फेच' एकदाच लिहितो, लूपच्या डोक्यावर: आधी ओळ घे, ओळ संपली असेल तर बाहेर पड, मग काम.

न बोलता दगा देणाऱ्या जागा

चूक दिसली की ती सुधारता येते. या जोडीत खरा छळ करतात त्या न दिसणाऱ्या चुका.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्ट्रिंग जोडताना एक तुकडा जरी 'नल', म्हणजे अज्ञात, असेल तरी अख्खी स्ट्रिंग नल होते. आणि नल चालवायला दिली तर तो चूक दाखवत नाही, काहीच न करता पुढे जातो. 'क्वोटनेम'ला 128 पेक्षा जास्त अक्षरं दिली तर तेही नल देतं. म्हणजे कुंपणच नल झालं, हुकूम नल झाला, आणि स्क्रिप्ट हिरव्या अक्षरांत 'यशस्वी' म्हणून मोकळी. पोस्टग्रेस अशा वेळी चूक दाखवून थांबतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये डायनॅमिक हुकूम वेगळ्या खोलीत चालतो. बाहेरची व्हेरिएबल त्याला दिसत नाहीत, पॅरामीटर म्हणून हातात द्यावी लागतात. त्याने आत बनवलेलं तात्पुरतं टेबल तो संपताच नाहीसं होतं. बाहेर बनवलेलं मात्र त्याला दिसतं, म्हणून टेबल बाहेर बनवा आणि आत भरा. परवानग्यांचंही तसंच: प्रोसिजर चालवायचा हक्क असलेल्याला साध्या क्वेरीसाठी टेबलाचा वेगळा हक्क सहसा लागत नाही, पण तीच क्वेरी डायनॅमिक केली की लागतो. कालपर्यंत चालणारा रिपोर्ट आज अडतो तो बऱ्याचदा यामुळे.

मायएसक्यूएलमध्ये यादी संपल्याचं 'नॉट फाउंड' हँडलर, म्हणजे काही सापडलं नाही की आपोआप चालणारा कोडचा तुकडा, सांगतो. पण लूपच्या आत एखादी किंमत शोधणारी साधी क्वेरी लिहिली आणि तिला काही सापडलं नाही, तरी तोच हँडलर जागा होतो. लूपला वाटतं यादी संपली. तीनशेतल्या चाळीस ओळी झाल्या आणि स्क्रिप्ट आनंदाने घरी. उपाय म्हणजे आतल्या क्वेरीला तिच्या स्वतःच्या बिगिन-एंडच्या चौकटीत ठेवून तिचा वेगळा हँडलर लावणं.

'आम्ही फ्रेमवर्क वापरतो, आम्हाला काय त्याचं?'

फ्रेमवर्क, म्हणजे प्रोग्रॅम बांधायचा तयार सांगाडा, किमती पॅरामीटरमधूनच पाठवतं, हे बरंच आहे. पण पडद्यावरच्या रकान्याच्या नावावर टिचकी मारून यादी त्या क्रमाने लावायची सोय असते ना, तिथे रकान्याचं नाव ब्राउझरमधून येतं. नाव पॅरामीटर होत नाही हे आपण पाहिलं. मग कुणीतरी ते थेट जोडून देतं, आणि फ्रेमवर्कच्या भरवशावर निर्धास्त बसलेल्या कोडमध्ये भोक पडतं. कोड तपासायला आला की मी 'ऑर्डर बाय', म्हणजे क्रम लावायला सांगणारे शब्द, आधी शोधतो.

कर्सरचंही तसंच. लूप एसक्यूएलमधून निघून पायथन किंवा जावात गेला म्हणून हेलपाटे थांबत नाहीत. उलट आता ते नेटवर्कवरून होतात. शंभर सदस्य आणले आणि प्रत्येकाची पुस्तकं वेगळ्या क्वेरीने मागवली, तर कर्सर हा शब्द कुठेही न लिहिता कर्सरच लिहिलात.

चालवायच्या आधी

देखभालीच्या स्क्रिप्टला मी एक स्विच ठेवतो: 'फक्त दाखव'. तो चालू असला की लूप फिरतो, हुकूम तयार होतात, छापले जातात, चालत एकही नाही. आधी तो कागद वाचायचा. तीनशे टेबलं आणि छापलेल्या ओळी दोनशे अठ्ठ्याण्णव, तर दोन नल कुठे झाले ते तेव्हाच शोधायचं. एसक्यूएल सर्व्हरचा 'प्रिंट' युनिकोड मजकूर 4,000 अक्षरांनंतर कापून टाकतो, म्हणून लांब हुकूम नोंदवहीच्या टेबलात लिहून बघतो. नाहीतर हुकूम ठीक असताना तो तुटलाय असं वाटून तासभर डोकं खाजवण्यात जातो. मोठी टेबलं वगळणारी ती सुधारणाही नंतर याच स्विचवर पुन्हा तपासली. या खेपेला मोठं टेबल असलेल्या डेटाबेसवर.